मांजरासाठी घरात गवत लावताय? मग घट बसवल्यासारखं पेरू नका

नवरात्रात घट बसवणाऱ्या प्रत्येक घराला गहू उगवता येतात, आणि त्याच सवयीनं पेरल्यामुळे मांजरासाठी लावलेलं गवत फसतं. घटात सात धान्यं एकत्र पडतात. परडी देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात असते, पाणी रोज पडतं, माती शेतातली किंवा नदीकाठची असते. नऊ दिवसांनी पिवळे लांब तुरे आले की दसऱ्याला ते टोपीत, कानावर खोवायचे आणि उरलेले विसर्जन करायचे. ते कुणी खात नाही, त्यामुळे बुडाशी बुरशी आली किंवा त्यात ज्वारी असली तरी कुणाचं बिघडत नाही. मांजर मात्र हे गवत खाणार असतं. म्हणून धान्य, माती, पाणी आणि उजेड या चारही गोष्टी बदलायला लागतात.

कोल्हापुरात आता फ्लॅटमधली, कायम घरातच राहणारी मांजरं बरीच झाली आहेत. अंगण नाही, परसात जाऊन दूर्वा-हरळी चघळण्याची सोय नाही, मग ती मनीप्लँटकडं वळतात. गवत लावावं असं वाटतं ते बहुतेकदा त्यामुळेच. आमच्या ओळखीतल्या घरांत मी ज्या कुंड्या बघितल्या, त्यात तीनच तक्रारी परत परत दिसल्या: कोंब पिवळे आणि लोळलेले, बुडाशी कापसासारखी बुरशी, नाहीतर मांजरानं पहिल्याच दिवशी सगळं मुळासकट उपसून फरशीवर टाकलेलं. तिन्हीचं मूळ पहिल्या चार दिवसांतल्या कामात असतं. तेव्हा पायऱ्या गाळू नका आणि क्रम बदलू नका.

१. आधी घरातल्या बाकीच्या कुंड्या बघा

गवताची कुंडी शेजारी आली की मांजर इतर झाडांचीही पानं हुंगू शकतं. म्हणून पेरणीच्या आधी ही झाडं त्याच्या वाटेतून काढा.

सगळ्यात आधी लिली. फुलवाल्याकडच्या गुच्छात असते ती मोठ्या पाकळ्यांची लिली आणि कुंडीतली डे-लिली या दोन्हींनी मांजराची किडनी दोन-तीन दिवसांत निकामी होऊ शकते. पान चावायलाच हवं असं नाही. अंगावर पडलेले परागकण चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यालं तरी धोका आहे. वाढदिवसाचा गुच्छ घरी आला तर त्यातली लिली दारातच काढून टाका.

कण्हेर हृदयावर परिणाम करते, सायकस यकृतावर. ही दोन्ही घरात नकोत. मनीप्लँट आणि डिफेनबेकियानं तोंडाची आग होते, लाळ गळते. कोरफडीनं उलट्या-जुलाब होतात. हे उंचावर टांगले तर चालतं, फक्त वेली खाली लोंबायला नकोत. गवती चहा आपल्याकडं प्रत्येक गॅलरीत असतो आणि दिसायला गवतच असल्यामुळे तो मांजराला चालेल असं लोक धरून चालतात. त्याच्या पात्याची कड धारदार असते आणि त्यातल्या तेलानं मांजराचं पोट बिघडतं. तोही बाजूला ठेवा.

२. धान्य: इथंच सगळ्यात जास्त चुकतं

गहू घ्या. साधा लोकवन पुरतो. लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानात निवडलेला, अखंड, यंदाचा गहू मागा. अर्धा किलो घेतला तर एका मांजराला दोन-तीन महिने निघतात. शरबतीसाठी जास्त पैसे घालवायची गरज नाही, मांजराला फरक कळत नाही.

जव चालतो. पूजा-साहित्याच्या दुकानात मिळतो, पण तिथं तो वर्षानुवर्षं पडून असू शकतो, म्हणून पुढच्या पायरीतली तपासणी केल्याशिवाय वापरू नका. किराणा दुकानात सूपसाठी मिळणारा पांढरा, घासलेला जव उगवत नाही.

सावध: दुकानात 'जव' म्हणून सांगा आणि पुडी हातात आल्यावर उघडून बघा. घाईत 'जवस' दिला जातो. जवस चपटा, तपकिरी, चकचकीत असतो आणि ओला झाला की बुळबुळीत चिकट होतो. चटणीला तो उत्तम आहे, पण त्याचे कोवळे कोंब मांजराला द्यायचे नाहीत.

ओट चालतो, पण न्याहारीचा नाही. डब्यातले ओट वाफवून, दाबून चपटे केलेले असतात, त्यात जीव उरलेला नसतो. टरफलासकट अख्खा ओट चाऱ्याच्या बियाण्यात मिळतो, पण त्यावर औषध लावलेलं नाही अशी खात्री असेल तरच घ्या.

खपली गहू घरात असतो म्हणून पुष्कळजण तो पेरून बघतात. खिरीसाठीची खपली कांडून, टरफल काढलेली असते. कांडताना दाण्याचं टोक, म्हणजे जिथून कोंब येतो तोच भाग, दुखावतो. दहातले दोन-तीन दाणे उगवतात आणि बाकीचे कुजतात.

आता ज्वारी. हे नीट वाचा. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचा घटक असतो आणि पोटात गेल्यावर त्यापासून हायड्रोजन सायनाइड तयार होतं. गुडघ्याएवढं होण्याआधीचं ज्वारीचं पीक किंवा कापलेल्या ज्वारीचे फुटवे जनावरानं खाल्ले की किराळ लागते, म्हणजे ही विषबाधा होते, हे गावाकडं गुरं राखणाऱ्या कुठल्याही माणसाला माहीत असतं. म्हशीएवढं जनावर त्यानं दगावतं, तिथं चार किलोच्या मांजराचं काय. म्हणून ज्वारी पेरायची नाही, शाळूही नाही. आणि म्हणूनच घटातले किंवा सप्तधान्याच्या पुडीतले कोंब मांजराला द्यायचे नाहीत. वीतभर वाढलेल्या कोंबांत गहू कुठला आणि ज्वारी कुठली हे सहजी ओळखता येत नाही.

मकाही नको. त्याची पात रुंद आणि कडेला खरखरीत असते.

यापेक्षाही गंभीर चूक कृषी सेवा केंद्रातलं पेरणीचं बियाणं आणण्याची. 'बियाणं' म्हणजे जास्त चांगलं उगवणार, असं वाटतं. उगवतंही. पण त्या दाण्यांवर बुरशीनाशक आणि कधी कधी कीटकनाशकही चोळलेलं असतं, आणि ते ओळखू यावं म्हणून गुलाबी, लाल, निळा किंवा हिरवा रंग दिलेला असतो. खाण्यासाठी, चाऱ्यासाठी वापरू नये असं पिशवीवर छापलेलं असतं, पण सुटं पावकिलो आणलं की पिशवी दुकानातच राहते. मी एकदा असंच सुटं आणलं होतं. रात्री भिजत घातलं आणि सकाळी वाटीतलं पाणी रोझ सरबतासारखं गुलाबी. दोन-तीनदा धुतल्यावर पाणी स्वच्छ यायला लागलं आणि आता चालेल असं मला वाटलंही होतं. चालत नाही. औषध दाण्याच्या सालीत मुरलेलं असतं, काही औषधं तर उगवताना पानापर्यंत चढतात, त्यासाठीच ती बनवलेली असतात. सगळं फेकून द्यायला लागलं.

घरच्या कणगीतला किंवा पिंपातला गहू वापरणार असाल तर आईला, सासूबाईंना आधी विचारा की साठवताना त्यात काय घातलं होतं. नुसता कडुलिंबाचा पाला असेल तर हरकत नाही. बोरिक पावडर, पाऱ्याच्या टिकड्या किंवा कीडनाशकाच्या गोळ्या घातल्या असतील तर तो गहू या कामाला नको. एरंडेल चोळलेला गहूही टाळा. तेलामुळे पाणी नीट आत शिरत नाही आणि उगवण पुढं-मागं होते.

३. वीस दाण्यांची तपासणी

ओल्या फडक्यात मोजून २० दाणे गुंडाळा, वाटीत ठेवून वर ताटली झाका, फडकं ओलं राहील एवढं बघा. दोन दिवसांनी उघडा.

१७-१८ दाण्यांना पांढरी मुळं दिसली तर धान्य चांगलं. १४-१५ असतील तर कोरड्या दिवसांत चालेल, पावसाळ्यात नाही. त्याखाली असेल तर त्या गव्हाचं पीठ करा. न उगवलेला प्रत्येक दाणा कुंडीत कुजतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. या तपासणीला दोन दिवस जातात म्हणून ती सगळे गाळतात आणि मग दहा दिवस वाया घालवतात.

४. भांडं आणि माती

भांडं पसरट आणि जड हवं. कुंभाराकडं मिळतं ते मातीचं परळ यासाठी मला सगळ्यात आवडतं: वीतभर रुंद, तीन-चार बोटं खोल, बूड रुंद असल्यामुळे मांजरानं पाय दिला तरी उलटत नाही, आणि जादा ओल मातीच्या अंगातून निघून जाते. परळाला भोक नसतं. तळाला दोन-तीन भोकं पाडून घ्या. घरी ड्रिलनं पाडायचं असेल तर परळ आधी तासभर पाण्यात बुडवा, म्हणजे तडकत नाही.

श्रीखंडाचा प्लॅस्टिक डबा वापरू नये असं नाही, पण तो हलका असतो. मांजर पातं दातांत धरून मागं ओढतं, तेव्हा डबा त्याच्या मागोमाग येतो. तोच वापरायचा असेल तर भोकं पाडून एखाद्या जड, काठाच्या भांड्यात घट्ट बसवा.

माती: अर्धं कोकोपीट, अर्धी चाळलेली साधी लाल माती, आणि असेल तर मूठभर जुनं गांडूळ खत. एवढं पुरे. दोन आठवडे हे गवत दाण्यातल्याच साठ्यावर वाढतं, त्याला वेगळं खत लागत नाही. युरिया, डीएपी किंवा फवारणीचं औषध यातलं काहीही नको. कोकोपीटची वीट उकळत्या पाण्यात फुलवा आणि रात्रभर गार होऊ द्या, त्यानं चिलटांची अंडी मरतात.

नुसती काळी माती घेऊ नका. ती पाणी धरून ठेवते, वरून सुकली की भेगा पडतात, आणि वरचे दाणे एकाच वेळी कोरडे आणि खालची मुळं चिखलात अशी अवस्था होते. नदीकाठची मातीही नको. पुराच्या पाण्यातून काय काय वाहून येतं ते आपण २०१९ ला आणि २०२१ ला डोळ्यांनी बघितलंय. बोळातली, परसातली माती आणायचा मोह होतो, पण जिथं गल्लीतली मांजरं उकरून घाण करतात तिथल्या मातीत जंतांची अंडी असू शकतात आणि ती थेट तुमच्या घरातल्या मांजराच्या पोटात जातील. ताजं शेण तर अजिबात नको.

तपासा: भिजवलेली माती मुठीत दाबा. गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी टपकू नये. टपकलं तर पसरून तासभर सुकवा. भांडं काठाच्या दोन बोटं खालपर्यंत भरून हातानं हलकंच दाबून घ्या. भुसभुशीत ठेवलं तर मुळं धरत नाहीत आणि सगळा गालिचा एका ओढीत वर येतो.

५. भिजवणं आणि मोड

वीतभर परळाला ५० ग्रॅम, म्हणजे एक भरलेली मूठ गहू. दोन-तीन पाण्यांनी धुवा. वर तरंगणारे दाणे पोकळ किंवा किडके असतात, ते ओतून टाका. फुटके दाणे निवडून काढा, हे काम कंटाळवाणं आहे पण पावसाळ्यात तरी कराच.

आठ ते बारा तास भिजवा. त्याहून जास्त नाही. चोवीस तास पाण्यात राहिलेल्या गव्हाला आंबूस वास येतो, बोटानं दाबलं की पांढरं दूध निघतं, आणि असे दाणे मातीत कुजतात. उन्हाळ्यात आठ तासच पुरे. डिसेंबर-जानेवारीत कोमट पाणी घ्या.

मग पाणी पूर्ण निथळून, मटकीला बांधतो तसं फडक्यात बांधून एक दिवस ठेवा. सकाळ-संध्याकाळ एकदा पुरचुंडीवर पाणी शिंपडा. मोड मात्र मटकीएवढे लांब येऊ द्यायचे नाहीत. दाण्याच्या टोकाला पांढरा ठिपका फुटला, फार तर तांदळाच्या कणीएवढा झाला की पेरायचं. लांब झालेली मुळं पेरताना मोडतात आणि दाणे एकमेकांत गुंततात.

६. पेरणी

दाणे मातीवर एकाच थरात पसरा. एकमेकांना टेकलेले चालतील, एकावर एक नकोत. तळव्यानं हलकं दाबा. वर कोकोपीटचा अर्धा सेंटिमीटर थर द्या, दाणे जेमतेम दिसेनासे होतील एवढाच. फवाऱ्याच्या बाटलीनं वरचा थर ओला करा. तांब्यानं पाणी ओतू नका, दाणे वाहून एका कडेला गोळा होतात.

मुंग्या गव्हाच्या वासानं लगेच येतात. पाणी भरलेल्या थाळीत दोन विटांचे तुकडे ठेवून त्यावर परळ ठेवा.

सावध: मुंग्यांचा खडू कुंडीभोवती ओढू नका. त्यातली कीटकनाशकं मांजराच्या शरीराला पचवता येत नाहीत. रेघेवरून चाललेलं मांजर नंतर पंजे चाटतं आणि ते सगळं पोटात जातं.

७. झाकण फक्त दोन-तीन दिवस

वर ओलसर वर्तमानपत्र किंवा उलटी ताटली ठेवा, पण एका बाजूनं फट राहू द्या. रोज सकाळी उघडून बघा. कोंब बोटाच्या पेराएवढे झाले की झाकण काढायचं आणि पुन्हा ठेवायचं नाही.

घटाची सवय इथं आड येते. कोंब लांब आले की बरं वाटतं, म्हणून लोक भांडं अंधारातच ठेवतात. अंधारात कोंब उजेड शोधत ताणला जातो. तो उंच दिसतो, पण पिवळा, पोकळ आणि लुसलुशीत असतो आणि पाचव्या-सहाव्या दिवशी आडवा होतो. उजेडात आणल्यावर पिवळा कोंब एक-दोन दिवसांत हिरवा होतो, पण ताणलेलं पातं परत आखूड होत नाही.

८. उजेड आणि पाणी

पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली. सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन आणि दिवसभर उजेड मिळाला की झालं. रोज भांडं अर्धं फिरवा, नाहीतर सगळं एका बाजूला झुकतं. एप्रिल-मे मध्ये पश्चिमेच्या गॅलरीत ठेवलं तर दुपारभरात टोकं करपतात, भांडं आत घ्या. पेठांमधल्या जुन्या घरांत आतल्या खोल्यांना उजेडच कमी असतो. तिथं पांढऱ्या एलईडी दिव्याखाली वीतभर अंतरावर रोज १२ तास ठेवून चांगलं हिरवं गवत येतं.

पाणी द्यायची वेळ घड्याळावर ठरवू नका. बोटाचं पहिलं पेर मातीत घाला. ओलं लागलं तर पाणी नाही. कोरडं लागलं तर द्या, तेही सकाळी. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर पात्यांच्या बुडाशी साचून राहतं. कोंब दोन इंचाचे झाले की वरून फवारणं बंद करा. परळ पाण्याच्या थाळीत दहा मिनिटं ठेवा, खालच्या भोकांतून माती हवं तेवढं ओढून घेते, मग बाहेर काढून निथळा. थाळीत पाणी तसंच सोडू नका. मुंग्यांसाठीची थाळी वेगळी, आणि परळाचं बूड त्या पाण्याला टेकता कामा नये.

अंदाज यावा म्हणून सांगते: मे महिन्यात रोज, कधी दोनदा पाणी लागतं. थंडीत दिवसाआड. आषाढात झड लागलेली असताना, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत तेव्हा, तीन दिवसांतून एकदाही पुरतं. पावसाळ्यात पाण्यापेक्षा वाऱ्याची गरज जास्त असते. पंखा कमी वेगावर, थेट अंगावर नाही पण खोलीतली हवा हलती राहील असा, दिवसातून तीन-चार तास चालू ठेवा.

तयार होईपर्यंत मांजराला जवळ येऊ देऊ नका. ओली भुसभुशीत माती त्याला शू-शी करायची जागा वाटते. भाजी धुवायची जाळीदार टोपली उलटी घालून वर वजन ठेवा.

९. बुरशी की मुळांची लव?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोक घाबरून सगळं फेकतात ते बहुतेक वेळा विनाकारण, आणि आठव्या दिवशी 'थोडीच आहे' म्हणून ठेवतात ते धोक्याचं.

तिसऱ्या दिवशी दाण्याजवळ वाकून बघा. मुळाभोवती सगळ्या बाजूंनी सारखी, मखमलीसारखी आखूड पांढरी लव दिसते. ही मुळांचीच केसं असतात, पाणी शोषायला आलेली. तिच्यावर पाण्याचा फवारा मारा: लव मुळाला चिकटून दिसेनाशी होते आणि तासाभरानं, सुकल्यावर, परत उभी राहते. तिला वास नसतो.

बुरशी वेगळी दिसते. ती एका मुळापुरती राहत नाही, कोळ्याच्या जाळ्यासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर, मातीवरून पात्याच्या बुडावर पसरते. फवारा मारला तरी तिचा पुंजका राहतो. दोन दिवसांत ती करडी, हिरवट किंवा काळी होते. नाक जवळ नेलं की बंद पडलेल्या कपाटासारखा कुबट वास येतो.

असा वास आला तर वरची बुरशी चमच्यानं काढणं, हळद टाकणं, उन्हात ठेवणं यातलं काही करू नका. वर दिसतो तो तिचा थोडासा भाग असतो, धागे खाली मुळांच्या जाळ्यात गेलेले असतात. सगळी खेप माती-सकट फेका, परळ उकळत्या पाण्यानं धुऊन एक दिवस कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर गॅसच्या शेगडीजवळ दोन दिवस वाळू द्या. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी मला विचारलं होतं, "अगं, एवढं हिरवंगार आलंय, वरचं वरचं कापून दिलं तर?" त्यांचं वाईट वाटणं मला समजतं, दहा दिवस राखलेलं असतं. तरी उत्तर नाही असंच आहे.

१०. मांजराला देणं

गवत चार ते सहा इंच झालं, पात्यं ताठ आणि गर्द हिरवी झाली की द्यायला तयार. पेरल्यापासून साधारण सात-आठ दिवस लागतात, थंडीत दहा-बारा. त्याआधी दिलं तर मुळं पकडलेली नसतात आणि उपसून येतं. तयार झालंय का ते बघायला चार पाती चिमटीत धरून हलकं ओढा. मातीचा गालिचा हलला नाही म्हणजे झालं.

पहिल्या दिवशी कुंडी समोर ठेवू नका. कात्रीनं आठ-दहा पाती कापून बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि हातातून द्या. काही मांजरं लांब पातं न चावताच गिळतात. असं पातं कधी कधी घशाच्या मागून नाकाच्या बाजूला चढून अडकतं. अधाशी मांजराला कायम तुकडेच द्या.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कुंडी पाच-दहा मिनिटं समोर ठेवा आणि उचलून घ्या. आठवडाभर सगळं सुरळीत असेल तर मग खाली ठेवली तरी चालेल. जागा त्याच्या वाळूच्या ट्रेपासून लांब असू द्या. मांजर हे मांसावर जगणारं जनावर आहे, गवत त्याचं जेवण नव्हे. गवत खातंय म्हणून त्याचं खाणं कमी करू नका. तीन महिन्यांखालच्या पिल्लांना देऊ नका. किडनीचा, पोटाचा आजार किंवा कायमची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

गवत खाल्ल्यावर उलटी झाली की घरात घबराट होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी हजाराहून जास्त मांजर पाळणाऱ्यांना विचारून केलेली पाहणी २०१९ मध्ये मांडली. त्यात झाडपाला खाणाऱ्या मांजरांपैकी साधारण चारातलं एक त्यानंतर वरचेवर उलटी करतं असं दिसलं, आणि बहुतेक मांजरं खाण्याआधी आजारी दिसत नव्हती. म्हणजे अधूनमधून एक उलटी, त्यात गवताची पाती किंवा केसांचा गुंडा, आणि नंतर मांजर नेहमीसारखं खेळतंय, हे चालण्यासारखं आहे. केसांचे गुंडे कमी करायचे असतील तर गवतापेक्षा रोज विंचरण्याचा उपयोग जास्त होतो.

यातलं काही दिसलं तर घरी थांबू नका, डॉक्टरकडं न्या: दिवसातून तीन-चार उलट्या, उलटीत रक्त, एक दिवसाहून जास्त अन्न सोडणं, अचानक एकामागून एक शिंका, सारखं गिळल्यासारखं करणं किंवा एकाच नाकपुडीतून पाणी. शेपटीखाली, शी करायच्या जागी पात्याचं टोक बाहेर दिसत असेल तर स्वतः ओढू नका. आणि लिली किंवा ज्वारीचे कोंब खाल्ल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट बघायची नाही.

११. छाटणी आणि पुढची खेप

मांजरानं चावलेली टोकं सुकून तपकिरी होतात. दर तीन-चार दिवसांनी कात्रीनं मातीपासून दीड इंच ठेवून सगळं सारखं कापा. परत फुटतं, पण दुसरा फुटवा पहिल्यापेक्षा बारीक आणि फिका असतो. तिसऱ्याची वाट बघू नका. पेरल्यापासून तीन आठवडे झाले, बुडाची पाती पिवळी पडली की खेप संपली. तिला जास्त जगवायला पाणी वाढवलं जातं आणि चिलटं त्यातूनच होतात.

घरात सतत गवत हवं असेल तर दोन परळं ठेवा. पहिल्या परळातलं गवत मांजराला द्यायला सुरुवात केली त्या दिवशी दुसऱ्याचा गहू भिजत घाला. नोकरीवाल्यांसाठी सोयीचं वेळापत्रक असं: शनिवारी रात्री भिजत, रविवारी सकाळी फडक्यात, सोमवारी सकाळी कामावर जायच्या आधी पेरणी, बुधवारी किंवा गुरुवारी झाकण काढणं, आणि पुढच्या सोमवार-मंगळवारी मांजरासमोर. आषाढ-श्रावणात परळ लहान घ्या आणि दाणे थोडे विरळ टाका, पात्यांमधून वारा फिरतो.

वापरलेली माती पुन्हा गवताला नको. मुळांचा गालिचा तोडून गुलाबाच्या किंवा जास्वंदीच्या कुंडीत तळाला घाला, महिन्याभरात त्याचं खत होतं. त्या कुंडीवर मात्र जाळी ठेवा, कारण उरलेला एखादा दाणा तिथं परत उगवतो आणि मांजर तो शोधून काढतं.